खेळातील बरोबरी आणि तिची सोडवणूक : कुस्ती, कबड्डी व खो-खोच्या नियमांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

दिवाळीनंतर धानाची कापणी उरकत आली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात आणि हिवाळाभर साकोली, लाखनी, तुमसर, पवनी अशा सर्वच तालुक्यांतील गावांत कबड्डीचे सामने रंगतात. हे सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. एक संघ पुढे जातो, दुसरा घरी परततो. अशा स्पर्धेत दोन्ही संघांचे गुण समान झाले म्हणजे पंचांसमोर जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. निकाल लागल्याशिवाय पुढची जोडी मैदानात उतरवता येत नाही, म्हणून कसा तरी निकाल लावायचा, एवढेच त्याचे स्वरूप दिसते. वस्तुतः हा प्रश्न न्यायाचा आहे. चाळीस मिनिटांच्या खेळात जे दोन संघ समान ठरले, त्यांतील एकाला श्रेष्ठ ठरवण्याचा आधार कोणता असावा?

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रात रुजलेल्या तीन खेळांतील बरोबरीच्या नियमांचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून तुलनेसाठी उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी आणि विदर्भाच्या क्रिकेटमधील एक प्रसंग विचारात घेतला आहे. बरोबरी ही मुख्यतः घड्याळाची निर्मिती आहे आणि ती सोडवण्याची रीत पाहिली असता त्या खेळाने आपले सार कशात मानले आहे हे कळते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

घड्याळापूर्वीचा खेळ

कबड्डीचे महाराष्ट्रातील जुने नाव हुतूतू. नियम एकसूत्री होण्यापूर्वी या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार प्रचलित होते. संजीवनीत बाद झालेला गडी, आपल्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद केला की पुन्हा जिवंत होऊन मैदानात येत असे. गामिनीत बाद झालेला गडी आपला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राही, फक्त प्रतिपक्षाला गुण मिळे.

यांपैकी गामिनी प्रकार प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्यात ठरावीक वेळ नसे. प्रतिपक्षाचा संपूर्ण संघ पाच किंवा सात वेळा बाद करणारा संघ विजयी ठरे. ज्या खेळाचा शेवट गुणांवर अवलंबून आहे, वेळेवर नाही, त्यात बरोबरी संभवतच नाही. कोणीतरी त्या संख्येला आधी पोहोचणारच. मात्र असा खेळ किती काळ चालेल हे सांगता येत नाही आणि एका दिवसात अनेक संघांची स्पर्धा उरकणे कठीण होते. संघटित स्पर्धांसाठी वेळेची मर्यादा सोयीची होती. पुढे संजीवनी प्रकारावर आधारलेली, पुरुषांसाठी वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांची कबड्डी रूढ झाली. घड्याळाने स्पर्धा शक्य केली, पण त्याबरोबर बरोबरीही आणली.

कुस्ती : चितपट ते अखेरचा गुण

मातीतल्या कुस्तीची मूळ कसोटी एकच होती, ती म्हणजे चितपट. गडी आस्मान पाहीपर्यंत कुस्ती चाले आणि दोघेही हार मानत नसल्यास पंच जोड सोडवत. 'कुस्ती बरोबरीत सोडवली' हा वाक्प्रयोग त्यातूनच रूढ झालेला दिसतो. मराठीत सोडवणे या एकाच क्रियापदाने गाठ मोकळी करणे आणि कोडे उलगडणे हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. आखाड्यातील पंच जोड मोकळी करत असे, कोडे मात्र तसेच राही. त्यात कोणाला उणेपणा वाटत नसे.

या परंपरेतील मल्ल परदेशी गेले तेव्हा हाच पेच तेथेही उभा राहिला. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिश्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक वेळ चालून अनिर्णित राहिली. झ्बिश्कोने बहुतेक वेळ जमिनीला चिकटून बचाव केला होता. आठवड्याने, १७ सप्टेंबरला, पुन्हा कुस्ती ठरली. झ्बिश्को आलाच नाही आणि गामा विजयी घोषित झाला. पुढे १९२८ साली पतियाळा येथे दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. कोल्हापूरचे खासबाग मैदान ज्या साली उभे राहिले, त्याच १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन प्रकारातील क्लाइन व असिकाइनेन यांची लढत अकरा तासांहून अधिक चालली. जिंकलेला क्लाइन इतका थकला की तो अंतिम लढत खेळू शकला नाही. दुसऱ्या एका वजनगटाची अंतिम लढत नऊ तासांनंतरही निकाली निघाली नाही. तेव्हा दोघांनाही रौप्यपदक दिले गेले, सुवर्णपदक कोणालाच नाही.

वेळ अमर्याद ठेवल्यास निकालाची किंमत मल्लाच्या शरीराला मोजावी लागते, हा या घटनांचा बोध होता. आजच्या फ्रीस्टाइल कुस्तीत दोन सत्रांची मर्यादा आहे. गुण समान झाल्यास प्रथम अधिक मूल्याच्या डावांचा, नंतर कमी ताकिदींचा आणि शेवटी अखेरचा गुण कोणी घेतला याचा विचार होतो. १० ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये रीतिका हुड्डाची उपान्त्यपूर्व लढत १-१ अशी संपली. अखेरचा गुण प्रतिस्पर्धी ऐपेरी मेदेत किझीचा असल्याने रीतिका पराभूत ठरली. या नियमामुळे लढत सुरू असतानाच, गुण समान असूनही, कोण पुढे आहे हे दोघींना ठाऊक असते. म्हणजे बरोबरी नंतर सोडवली जात नाही, ती होऊच दिली जात नाही.

कबड्डी : पहिल्या गुणापासून सुवर्ण चढाईपर्यंत

१९३० च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांचे नियम सुसूत्र करण्याचे मोठे कार्य केले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक सादर केले, ही विदर्भाच्या दृष्टीने अभिमानाची घटना होय. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले.

महासंघाच्या पूर्वीच्या नियमावलीनुसार बाद फेरीत बरोबरी झाल्यास पाच-पाच मिनिटांची दोन जादा सत्रे खेळवली जात. तरीही गुण समान राहिल्यास सामन्यातील पहिला गुण मिळवणारा संघ विजयी ठरे. या नियमाचा परिणाम विचार करण्याजोगा आहे. कुस्तीत अखेरचा गुण निर्णायक, तर कबड्डीत पहिला. पहिल्या काही चढायांतच मिळालेला एक गुण पन्नास मिनिटांनंतर निकाल ठरवी. ज्या संघाकडे तो होता, त्याला शेवटी केवळ बरोबरी राखणे पुरेसे होते. मागून येऊन बरोबरी साधणाऱ्या संघाच्या जिद्दीला येथे काहीच मोल नव्हते.

नव्या नियमांत या त्रुटीवर उपाय योजण्यात आला. बरोबरीनंतर दोन्ही संघ सात-सात गडी मैदानात उतरवतात आणि प्रत्येक संघाचे पाच वेगवेगळे चढाईपटू आळीपाळीने एकेक चढाई करतात. निदान रेषा हीच बोनस रेषाही मानली जाते. त्यानंतरही गुण समान राहिल्यास नव्याने नाणेफेक होऊन जिंकणारा संघ सुवर्ण चढाई करतो. तिच्यात निकाल न लागल्यास प्रतिपक्षाला तशीच संधी मिळते आणि तरीही निर्णय न झाल्यास अखेरीस नाणेफेकीचा आधार घेतला जातो.

या पाच-पाच चढायांत गडी बाद होतो, पण बाहेर जात नाही आणि जिवंत होण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, संजीवनी कबड्डी बरोबरीच्या क्षणी जुन्या अमर प्रकाराचे रूप घेते. एकटा उरलेला गडी लोण वाचवतो, पकड यशस्वी होऊन बाहेर बसलेला सहकारी परत येतो, हे या खेळाचे नाट्य त्या दहा चढायांत नसते. तरीही पाच वेगळे चढाईपटू असावेत या अटीमुळे निकाल एकाच नामांकित खेळाडूवर सोपवला जात नाही आणि सातही बचावपटूंचे काम कायम राहते. पहिल्या गुणाच्या नियमापेक्षा ही रीत निश्चितच अधिक न्याय्य आहे.

साखळी सामन्यांत मात्र बरोबरीला बरोबरीच राहू देण्याची परंपरा होती. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत व चिनी तैपेई या महिला संघांचा साखळी सामना ३४-३४ असा बरोबरीत सुटला आणि पुढे याच दोन संघांच्या अंतिम सामन्यात भारताने २६-२५ असा विजय मिळवला. पहिली बरोबरी किती यथार्थ होती, हे त्या एका गुणाच्या फरकाने सिद्ध केले. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने मात्र २०२५ च्या बाराव्या हंगामापासून साखळीतील बरोबरीही सोडवण्यास प्रारंभ केला. २९ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे पुणेरी पलटण आणि बंगळुरू बुल्स यांची ३२-३२ अशी बरोबरी झाली आणि पाच-पाच चढायांत पलटणने ६-४ अशी बाजी मारली.

खो-खो : लघुत्तम आक्रमण

खो-खोमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने आक्रमण व संरक्षण करतात. दोन डावांनंतर गुण समान असल्यास अलाहिदा डाव, म्हणजे जादा डाव, खेळवला जातो. त्यातही निकाल न लागल्यास लघुत्तम आक्रमणाचा नियम लागू होतो. प्रत्येक संघ प्रतिपक्षाचा पहिला संरक्षक बाद होईपर्यंतच आक्रमण करतो आणि ज्याला त्यासाठी कमी वेळ लागला तो विजयी ठरतो.

या नियमात एक सुसंगती आहे. घड्याळामुळे निर्माण झालेली बरोबरी येथे घड्याळच सोडवते, परंतु खेळाचा साचा मोडत नाही. आठ आसनस्थ आक्रमक, खांबांकडील वळणे, अचूक वेळी दिलेला खो हे सर्व तसेच राहते. निकाल एका खेळाडूच्या नव्हे, तर साखळीने धावणाऱ्या संघाच्या चपळाईवर लागतो. दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या पुढच्या संरक्षकांचे कौशल्य मात्र त्यात मोजले जात नाही, एवढी उणीव मान्य करावी लागते.

तुलना : आइस हॉकी

हाच प्रश्न जगात अन्यत्र कसा हाताळला गेला, याचे बोलके उदाहरण बर्फावरील हॉकीत सापडते. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये १९४२ साली साखळी सामन्यांतील जादा वेळ बंद करण्यात आला. त्याचे कारण खेळात नव्हते. महायुद्धकाळातील रेल्वेच्या वेळा सांभाळून संघांना पुढच्या गावी पोहोचायचे होते. पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ साखळीतील बरोबरी तशीच राहिली. १९८३-८४ च्या हंगामात पाच मिनिटांचा जादा वेळ परत आला आणि १९९९-२००० पासून त्यात गोलरक्षक वगळता प्रत्येकी पाचऐवजी चारच खेळाडू उतरू लागले. जादा वेळेत हरणाऱ्या संघालाही एक गुण देण्याची पद्धत त्याच वेळी आली. २००५-०६ पासून गोलरक्षकासमोर एकेकट्या खेळाडूने जाण्याची शूटआउट पद्धत लागू झाली आणि २०१५-१६ पासून जादा वेळेतील खेळाडूंची संख्या तीनवर आली.

मात्र अजिंक्यपदाच्या बाद फेरीत यांतले काहीच चालत नाही. तेथे पूर्ण संघानिशी, गोल होईपर्यंत खेळ सुरू राहतो. २४ मार्च १९३६ रोजी डेट्रॉइट व माँट्रिअल मरून्स यांचा सामना जादा वेळेच्या सुमारे ११६ मिनिटांनंतर संपला. सारांश, साखळीत प्रेक्षकांच्या सोयीसाठी खेळ आटवायचा आणि अजिंक्यपदासाठी तो अखंड ठेवायचा, असा विवेक त्या लीगने केला. गामिनीची निकालापर्यंत खेळण्याची वृत्ती तेथे अद्याप जिवंत आहे.

विदर्भाच्या क्रिकेटमधील एक प्रसंग

मागे वळून पाहण्याची, म्हणजे आधीच झालेल्या खेळावरून निकाल लावण्याची रीत रणजी करंडकात पहिल्या डावाच्या आघाडीच्या रूपाने टिकून आहे. २०२४-२५ च्या हंगामात केरळने उपान्त्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरवर एका धावेची आणि उपान्त्य सामन्यात गुजरातवर दोन धावांची आघाडी घेऊन, दोन्ही सामने अनिर्णित राहूनही, अंतिम फेरी गाठली. नागपूरजवळील जामठा येथे त्याच नियमाने केरळला रोखले. विदर्भाच्या ३७९ धावांना केरळने ३४२ धावांनी उत्तर दिले, सामना अनिर्णित राहिला आणि ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. येथे नियमाची कठोरता आहे, पण अन्याय नाही. पहिल्या डावात प्रत्येक धावेला मोल आहे हे दोन्ही संघांना पहिल्या चेंडूपासून माहीत होते आणि आघाडी संपूर्ण डावाच्या कष्टातून आलेली होती, कबड्डीतील जुन्या पहिल्या गुणाप्रमाणे एका क्षणातून नव्हे.

समारोप

वरील विवेचनातून बरोबरी सोडवण्याचे चार मार्ग दिसतात : खेळ लांबवणे, खेळ आटवणे, झालेल्या खेळाकडे मागे वळून पाहणे आणि दैवावर सोपवणे. पहिला मार्ग खेळाशी सर्वाधिक प्रामाणिक, पण शरीराला महाग. दुसरा सोयीचा, परंतु तो खेळाचा कोणता अंश टिकवतो आणि कोणता गाळतो हे तपासले पाहिजे. या कसोटीवर लघुत्तम आक्रमण उजवे ठरते. तिसऱ्या मार्गात, निकाल ज्यावर लावायचा तो भाग खेळाचे पुरेसे प्रतिनिधित्व करणारा हवा. नाणेफेकीत खेळाचा अंशही नसल्याने तिचे स्थान सर्वांत शेवटी असावे आणि कबड्डीच्या नियमकारांनी ते तेथेच ठेवले आहे.

ग्रामीण स्पर्धांच्या आयोजकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. बरोबरीचा नियम पहिल्या चढाईपूर्वीच दोन्ही संघांना वाचून दाखवावा, कारण नियम आधी माहीत असेल तरच पराभव मान्य होतो. आणि जेथे साखळी पद्धत असेल तेथे समान गुणांना समान मान देण्यास कचरू नये. जुन्या आखाड्यात पंच जोड सोडवत, तेव्हा दोन्ही मल्ल ताठ मानेने घरी जात. घड्याळाच्या काळात निकाल आवश्यक झाला असला, तरी बरोबरी हा स्वतःही एक निकाल असू शकतो, याचे भान ती परंपरा देते.