विद्यार्थ्यांचे राखणदार : मुस्लिम विद्यार्थ्यांच्या पाळकीय सेवेचा मागोवा

विद्येसाठी घर सोडून उज्जैनला येण्याची परंपरा फार जुनी आहे. सांदीपनींच्या आश्रमाची कथा आजही तेथे सांगितली जाते. शिंद्यांच्या अमदानीत मराठी घराणी या नगरीत स्थायिक झाली, दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या कबरी येथेच आहेत, आणि १९५७ साली येथे विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. माळव्यातील लहानशा गावचा एखादा मुस्लिम तरुण अशा नगरीत खोली घेऊन राहतो, तेव्हा त्याची नमाज, त्याचा रोजा, त्याची फी आणि त्याचे एकाकीपण यांची विचारपूस कोण करतो? हा प्रश्न मुस्लिम समाजाचा आहे, तसाच विद्यार्थ्यांमध्ये वावरणाऱ्या पाळकांचा व प्रचारकांचाही आहे. म्हणून त्याचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. 'चॅप्लिन' हे पद ख्रिस्ती मंडळीच्या व्यवस्थेतून आलेले आहे. इस्लाममध्ये दीक्षित पुरोहितवर्ग नाही. इमाम नमाजाचे नेतृत्व करतो, परंतु माणसांची काळजी वाहण्याचे काम त्याच्या एकट्याचे मानलेले नाही. ज्याच्या हाती जे सोपविले आहे, त्याचा तो राखणदार, अशी तेथील शिकवण आहे. त्यामुळे विद्यार्थ्याची काळजी शिक्षक, यजमान व सोबती यांच्यात वाटली गेली आणि तिला मुख्य आधार मिळाला तो वसतिगृहाचा.

अलीगढ येथे सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली शाळा काढली व १८७७ साली महाविद्यालयाची पायाभरणी झाली. सर सय्यद यांची धर्ममते अनेक उलेमांना मान्य नव्हती. म्हणून त्यांनी धार्मिक शिक्षणाचा कारभार स्वतःच्या हाती न ठेवता इतरांकडे सोपविला. मौलवी अब्दुल्ला अन्सारी हे तेथील पहिले नाझिम-ए-दीनियात, म्हणजे धर्मविषयक व्यवस्थेचे प्रमुख झाले. सुन्नी व शिया विद्यार्थ्यांच्या धर्मशिक्षणाची वेगवेगळी सोय करण्यात आली. पुढे १८९० च्या सुमारास साहिबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने 'अंजुमन-उल-फर्ज' ही संस्था निघाली. गरीब सोबत्यांच्या शिक्षणासाठी विद्यार्थीच निधी गोळा करू लागले. पद होते, पण त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांची परस्परसेवाही होती.

मराठी मुलखातील उदाहरण याहून बोलके आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना चालना दिली. मुस्लिम समाजातून पुढाकार घेणारे पुरेसे मिळेनात, तेव्हा महाराजांनी काही मुस्लिम मुलांना मराठा बोर्डिंगमध्येच ठेवून घेतले. नंतर १५ नोव्हेंबर १९०६ रोजी मुस्लिम प्रतिष्ठितांना एकत्र करून त्यांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. मुस्लिम बोर्डिंगसाठी २५,००० चौरस फूट जागा, इमारतीसाठी ५,५०० रुपये आणि संस्थानच्या जंगलातील लाकूड त्यांनी दिले. कुराणाचा अर्थ मराठी वाचकांना कळावा म्हणून त्याच्या भाषांतरालाही त्यांनी द्रव्यसाहाय्य केले. एका हिंदू राजाने मुस्लिम मुलासाठी छप्पर उभारले, त्या छपराखाली त्याचा धर्म सुरक्षित ठेवला आणि त्या बदल्यात त्याच्याकडून धर्माविषयी काहीही मागितले नाही. पाळकीय सेवेच्या इतिहासात या गोष्टीची नोंद आपण क्वचितच केली आहे.

याच कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी कार्य आरंभिले होते. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म १८६३ साली तेथेच झाला. १८८६ साली अमेरिकेतील माउंट हर्मन येथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवाकार्यासाठी नावे दिली, त्या चळवळीचे रॉबर्ट हे एक प्रवर्तक. त्या उत्साहाच्या काळातच माळव्यात कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशन काम करीत होते. इंदूरचे ख्रिश्चन कॉलेज १८८७ साली निघाले. या कार्याबद्दल कृतज्ञता बाळगूनही एक प्रश्न टाळता येत नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील मुस्लिम विद्यार्थी आपल्याला प्रथम काय वाटला? काळजी घेण्यासाठी हाती दिलेला तरुण, की जिंकून घ्यायचा आत्मा?

या प्रश्नाला आपल्याच एका सेमिनरीने दिलेले उत्तर विचारात घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड सेमिनरीने एके काळी मुस्लिम देशांत जाणारे मिशनरी तयार केले. त्याच संस्थेने २००० सालाच्या सुमारास मुस्लिम चॅप्लिन तयार करणारा अभ्यासक्रम सुरू केला. जेझुइटांच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने १९९९ साली एका इमामाची पूर्णवेळ चॅप्लिन म्हणून नेमणूक केली. या संस्थांनी आपला विश्वास सोडला नाही. परक्या गावी आलेल्या तरुणाला त्याच्याच प्रार्थनेचे शब्द देणारा माणूस हवा असतो, एवढे त्यांनी ओळखले.

आमच्या पाळकांना व प्रचारकांना हे पद निर्माण करता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. रमजानात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पहाटेच्या सहरीची सोय करणे, नमाजासाठी एक स्वच्छ खोली मोकळी ठेवणे, आजारी विद्यार्थ्याच्या घरी निरोप पाठविणे आणि त्याच्या मशिदीतील इमामाशी ओळख ठेवणे, एवढे तर आपल्या हाती आहे. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला शोमरोनी मनुष्याने त्याचा धर्म विचारला नाही. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले आणि खर्च स्वतः सोसला. कोल्हापूरच्या राजाला हे आचरणात आणता आले. ती कथा दरवर्षी व्यासपीठावरून सांगणाऱ्या आपल्याला ते अवघड का वाटावे?