हुआना इनेस दे ला क्रूस, सोर
स्पॅनिश भाषेतील थोर कवयित्री, नाटककार व ख्रिस्ती जोगीण. जन्म स्पेनच्या अमलाखालील मेक्सिकोत, सान मिगेल नेपान्त्ला या गावी. जन्मवर्षाबद्दल मतभेद असून काही अभ्यासक १६४८, तर काही १६५१ हे वर्ष ग्राह्य धरतात. तिच्या आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता. बालपण आजोळी गेले. आजोबांच्या ग्रंथसंग्रहाने तिला वाचनाचे वेड लावले. विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद असल्याने मुलाचा वेष करून तेथे जाऊ द्यावे, असा हट्ट तिने लहानपणी आईकडे धरला होता. पुढे लॅटिनही ती जेमतेम वीस धड्यांत शिकली.

किशोरवयातच ती मेक्सिको शहरात व्हाइसरॉयच्या दरबारी दाखल झाली. तेथे सुमारे चाळीस विद्वानांनी तिची परीक्षा घेतली व ती तीत सहज उतरली. मात्र विवाहाची इच्छा नसल्याने आणि अभ्यासाला सवड हवी म्हणून तिने मठाचा मार्ग पत्करला. कार्मेलाइट पंथाचे कडक नियम तिला मानवले नाहीत. १६६९ मध्ये ती सान हेरोनिमो मठात आली आणि अखेरपर्यंत तेथेच राहिली. मठाचे हिशेब सांभाळत तिने मोठा ग्रंथसंग्रह जमवला, वाद्ये आणि वैज्ञानिक उपकरणेही बाळगली.

तिचे लेखन विपुल आहे. ‘लोस एम्पेन्योस दे उना कासा’ हे प्रहसनवजा प्रेमनाट्य, ‘एल दिविनो नार्सिसो’ हे धार्मिक रूपकनाट्य आणि कॅथीड्रलमधील उत्सवांसाठी रचलेली गीते ही तिची रंगमंच व संगीताशी निगडित निर्मिती. यांपैकी काही गीतांत तिने नाउआत्ल ही स्थानिक भाषाही वापरली. पुरुषांच्या दुटप्पी नीतीवर बोट ठेवणारी तिची कविता आजही सर्वाधिक परिचित आहे. तथापि तिची खरी झेप ‘प्रिमेरो सुएन्यो’ या ९७५ ओळींच्या दीर्घकाव्यात दिसते. देह झोपला असता विश्वाचे आकलन करू पाहणाऱ्या बुद्धीचे चढणे आणि कोसळणे हा त्याचा विषय. व्हाइसरॉयची पत्नी मारिया लुइसा हिच्या पुढाकाराने तिचा पहिला संग्रह १६८९ मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झाला.

१६९० मध्ये पोर्तुगीज जेझुइट आंतोनियु व्हिएइरा यांच्या एका प्रवचनावरील तिची टीका प्वेब्लाच्या बिशपने तिची संमती न घेता छापली. सोबत ‘सोर फिलोतेआ’ या स्त्रीनामाने पत्र जोडून त्याने तिला धर्मचिंतनाकडे वळण्याचा उपदेश केला. १ मार्च १६९१ रोजी लिहिलेले तिचे उत्तर हे स्त्रियांच्या ज्ञानाधिकाराचे स्पॅनिशमधील एक मूलभूत प्रतिपादन होय. त्यात तिने विदुषींची परंपरा मांडली. स्वयंपाकघरात अंडे, तूप, साखर हाताळतानाही निसर्गाचे नियम कसे उलगडतात, हे सांगून तिने स्वतःच्या अनुभवालाही पुराव्याचे स्थान दिले. या लेखाचे बळ तेथेच आहे.

१६९४ च्या सुमारास तिने व्रतांचा पुनरुच्चार केला आणि ग्रंथसंग्रह सोडून दिला. हे धर्मसत्तेच्या दडपणामुळे घडले की अंतरीच्या पालटामुळे, यावर वाद आहे. मेक्सिकन कवी ऑक्ताव्हियो पास यांनी १९८२ मधील तिच्यावरील ग्रंथात दडपणाची बाजू ठामपणे मांडली. मठात साथ पसरली असता आजारी भगिनींची शुश्रूषा करताना १७ एप्रिल १६९५ रोजी तिचे निधन झाले.