गावची मराठी शाळा आणि तिचे जनरल रजिस्टर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यात त्यानंतर कचेरीच्या कागदांची भाषा हळूहळू बदलली. प्राथमिक शाळा मात्र मराठीच राहिली. सीमाप्रश्नाच्या इतिहासात आयोग, ठराव आणि आंदोलने यांची नोंद होते. अशा लहान शाळांची नोंद कोणी ठेवत नाही, म्हणून हे लेखन.

सत्तरच्या दशकात मी त्या शाळेत शिकलो. दोन खोल्या, वर कौले, पुढे पडवी आणि शेणाने सारवलेली जमीन एवढीच ती वास्तू होती. पश्चिम भागातला पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नसे. पाटी भिजू नये म्हणून ती सदऱ्याखाली धरून आम्ही येत असू. इरली आणि घोंगड्यांच्या खोळी पडवीत ठेवल्या की त्यांचे पाणी उंबऱ्यापर्यंत वाहत येई. गुरुजी एक आणि इयत्ता चार. पहिलीची मुले बाराखडी गिरवीत असताना पलीकडे चौथीची मुले सुरात पावकी-निमकी म्हणत. त्यामुळे सवायकी-दिडकी शिकण्याआधीच आमच्या कानांत बसलेली असे.

चौथीत गुरुजींनी त्याच फळ्यावर आम्हांला कन्नड अक्षरे शिकवली. त्या भाषेविषयी आमच्या मनात कधी अढी आली नाही. आज न्यायालयात कन्नड कागद मी सहज वाचतो, तो त्याच पायावर. मातृभाषा पक्की झालेल्या मुलाला दुसरी भाषा जड जात नाही, हा धडा मला त्या शाळेने दिला.

ही शाळा आता बंद आहे. पट घटत गेला. तरुण कुटुंबे रोजगारासाठी बेळगाव, गोवा, पुणे येथे गेली आणि जी राहिली त्यांच्या दारात इंग्रजी शाळेची गाडी येऊ लागली. सगळा दोष शासनाच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. तरीही कायद्याची बाजू विसरता येत नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ संविधानात आला. भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्यासाठी प्रत्येक राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणाने प्रयत्नशील राहावे, असे तो सांगतो. यातील ‘प्रयत्न’ हा शब्द दुबळा आहे. सोयीची मागणी गावातूनच उठली नाही, तर तो आणखी दुबळा होतो.

शाळा बंद झाली तरी एक वस्तू मागे उरते, ती म्हणजे जनरल रजिस्टर. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख त्यात असते. सार्वजनिक कर्तव्य बजावताना केलेल्या अशा नोंदी १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ३५ खाली सुसंगत मानल्या जात. आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच तत्त्व कलम २९ मध्ये आहे. खेडे हा घटक आणि तेथील भाषिक बहुमत या निकषांवर महाराष्ट्राची मागणी उभी आहे आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात त्यासाठी दावाही दाखल झाला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण एखाद्या गावातील मुले पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या भाषेत शिकली, हे सांगणारा कागद त्याआधीच वाळवीने खाल्ला, तर ते नुकसान कोणताही निकाल भरून देणार नाही.

म्हणून सीमाभागातील आणि सीमेपलीकडे स्थायिक झालेल्या वाचकांना विनंती आहे. आपली शाळा बंद झाली असेल, तर तिचे रजिस्टर कोणत्या शाळेत वा कार्यालयात ठेवले आहे, याची माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली लेखी विचारणा करावी. आपल्या स्वतःच्या नोंदीचा प्रमाणित उतारा मागून घ्यावा. गुरुजींची नावे, वर्गातल्या सवयी, पाठ असलेले पाढे हे सारे घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून तारखेसह उतरवून ठेवावे. आणि जिथे मराठी शाळा अजून चालू आहे, तिथे येत्या जूनपूर्वी तिचा पट किती आहे, हे एकदा स्वतः जाऊन पाहावे.