पाच वर्षांच्या पोराला कसला व्यवसाय?

भाच्याच्या फायलीवरचा 'व्यवसायोपचार' हा शब्द वाचून आजीने विचारलेला हा प्रश्न. २००६ सालची गोष्ट. भाच्याला सेरेब्रल पाल्सी. ताई त्याला आठवड्यातून दोनदा घेऊन जायची, आणि तिथे काय चालायचं? तर झोका, तांदळाच्या डब्यात लपवलेले मणी शोधणं, दोरीला कपड्यांचे चिमटे लावणं.. "खेळायचे पैसे देता होय?" हे वाक्य आमच्या घरात दर रविवारी कुणीतरी म्हणायचंच. (त्यात मीही होतो, कबूल.)

घोळ शब्दाचा आहे. ही शाखा रुजली ती मनोरुग्णालयांत आणि पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांमध्ये. विणकाम, सुतारकाम, टोपल्या.. हाताला काम दिलं की हात सुधारतो आणि माणूसही, हा विचार. १९१७ साली अमेरिकेत त्यांची संघटना झाली. यातलं 'ऑक्युपेशन' म्हणजे माणसाचा दिवस ज्यात जातो ते सगळं. आंघोळ, जेवण, खेळ, शाळासुद्धा. आपण त्याचा 'व्यवसाय' केला आणि आजीला दुकान आठवलं!

आपल्याकडे हे आणलं कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. चाळिशी उलटल्यावर पुन्हा अमेरिकेत जाऊन हे शास्त्र शिकल्या आणि १९५० साली परळच्या केईएममध्ये त्याची देशातली पहिली शाळा काढली. दोन वर्षांत अखिल भारतीय संघटनाही. (फलटणचं कमला निंबकर बालभवन यांच्याच नावाचं.)

१९५० म्हणजे पोलिओची लस जगात कुठेच नव्हती. पाय सरळ करायला सर्जन होते, पण पोराला स्वतःच्या हाताने जेवायला कोण शिकवणार?

हे मी आजीला सांगत होतो तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग बापूचं सांगितलं. बापू तिचा धाकटा भाऊ. त्याच सुमाराला लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले. घरच्यांनी फार मायेने केलं त्याचं. माजघरात खाट, आंघोळ घालायची, कपडे चढवायचे, घास भरवायचे. विशीपर्यंत.

"हात धड होते रे त्याचे," आजी म्हणाली. "दोन्ही."

तर, त्या 'खेळा'बद्दल. शर्टाचं एक बटण लावायचं तर नुसती बोटं पुरत नाहीत. आधी पाठ-कंबर स्थिर हवी, तो तोल झोक्यावर येतो. न बघता बोटांना वस्तू कळायला हवी, ते तांदळात. अंगठा-तर्जनीची पकड चिमट्यांनी. शिवाय एका हाताने कापड धरायचं आणि दुसऱ्याने ढकलायचं, ही दोन वेगवेगळी कामं एकाच वेळी. आपण हे सगळं केव्हा शिकलो ते आपल्याला आठवतही नाही.

आणि सगळ्यात अवघड भाग मुलाचा नसतोच. तो शेजारी बसलेल्या मोठ्यांचा. ताईलाही तिथे पहिल्यांदा हेच शिकवलं, हात मागे घ्यायला.

पुढच्या रविवारी भाचा आजीसमोर सदरा घालायला बसला. पहिलं बटण तीनदा निसटलं. आजीचे हात दोनदा पुढे आले. मग तिने ते पदराखाली घेतले आणि घट्ट धरून बसली. चहा निवला. चार बटणं, पंचवीस मिनिटं. एक चुकीच्या काजात गेलं होतं.

आजीने ते तसंच राहू दिलं.