स्टार्ट बटणाची जागा : यवतमाळ जिल्ह्यातील संगणक दुरुस्तीच्या इतिहासातील एक प्रकरण

पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली आणि यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ साली सुरू झाले, तरी यवतमाळ जिल्ह्यातील सर्वसामान्य माणसाचा हात संगणकाला लागला तो २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने तालुक्याच्या गावांत त्याचे वर्ग उघडले आणि शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी व नोकरीच्या शोधातील तरुण विंडोज ही कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाची सर्व कामे चालवणारी मूळ व्यवस्था, तेथेच शिकले. या शिक्षणाचा आरंभ पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातील एका बटणापासून होत असे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बरोबर आलेले ते स्टार्ट बटण पुढची सतरा वर्षे त्याच कोपऱ्यात राहिले. त्याचे रूप एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये बदलले, पण जागा बदलली नाही.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मध्ये हे बटणच काढून टाकण्यात आले आणि मेनूच्या जागी रंगीत चौकटींचा पूर्ण पडदा आला. संगणक बंद करण्यासारख्या रोजच्या कामासाठीही माउसचा बाण उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तेथून सरकत येणाऱ्या पट्टीतील सेटिंग्ज निवडायचे, मग पॉवर आणि त्यानंतर शट डाउन, असा लांबचा रस्ता पडू लागला. त्याहून दूरगामी बदल असा की संगणकाची व्यवस्था दोन घरांत विभागली गेली : जुने कंट्रोल पॅनेल तसेच राहिले आणि पीसी सेटिंग्ज नावाचा नवा कक्ष शेजारी उभा राहिला. नंतरच्या अनेक बिघाडांचे मूळ या विभागणीत आहे. कोणती कळ कोणत्या घरात आहे हे जाणत्यालाही चटकन सांगता येत नसे, मग सेतू केंद्रात दाखले काढणाऱ्या चालकाची अडचण किती असेल याची कल्पना करता येते.

या अडचणीवरचा उपाय विंडोज ८ च्या आधीच तयार होता. इवो बेल्चेव या प्रोग्रामरने २००९ साली क्लासिक शेल हे मोफत सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले होते. ते टाकल्यावर कोपऱ्यात शिंपल्याचे चित्र असलेले बटण येई आणि मेनूच्या तीन ठेवणींपैकी हवी ती निवडता येई. त्यांतील तिसरी हुबेहूब विंडोज ७ सारखी होती. स्टार्ट८ आणि स्टार्टइजबॅक हीही त्याच वर्गातील सॉफ्टवेअरे होती. नवा लॅपटॉप घेतलेल्या माणसाला अशा सॉफ्टवेअरमुळे हाताच्या सवयीचे स्थान परत मिळाले, आणि ही गरज अस्सल होती. तिला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मात्र पर्यायी मेनू हा वरून ठेवलेला स्वतंत्र तुकडा नसतो. डेस्कटॉप, खालची पट्टी आणि फोल्डर दाखवणारा एक्सप्लोरर हा विंडोजचा भाग चालू असतानाच असे सॉफ्टवेअर आपला कोड त्याच्या आत शिरवते आणि त्याच्या अंतर्गत रचनेवर विसंबून चालते. विंडोजचे अपडेट आले की ती रचना बदलते, दोघांचा मेळ बसत नाही आणि खालची पट्टी क्षणभर दिसून पुन्हा पुन्हा नाहीशी होते. २९ जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेनू परत आला, पण तोही अनेकदा उघडेनासा होई आणि पुढच्या वेळी दुरुस्ती करू असा संदेश दाखवी. त्यामुळे क्लासिक शेल वापरणारे कमी झाले नाहीत. या आवृत्तीत सेटिंग्ज हे स्वतंत्र ॲप झाले असून ते एमएस-सेटिंग्ज या अंतर्गत पत्त्याने उघडते. हा दुवा तुटला की डेस्कटॉपवर उजवी कळ दाबून डिस्प्ले सेटिंग्ज निवडल्यावर, या फाइलशी कोणताही प्रोग्राम जोडलेला नाही, अशा अर्थाची चौकट येते आणि पाहणाऱ्याला संपूर्ण विंडोज बिघडल्यासारखे वाटते.

दुरुस्तीच्या दुकानांतील भाषेत याला ‘विंडोज उडाली’ म्हणतात आणि त्यावरचा रूढ इलाज म्हणजे ‘फॉरमॅट मारणे’, अर्थात डिस्कचा भाग पुसून विंडोज नव्याने टाकणे. हा इलाज जलद खरा, पण त्याची किंमत ग्राहक मोजतो. प्रत जपून ठेवली नसेल तर डेस्कटॉपवरचे अर्ज जातात, मराठी टंक आणि टंकलेखनाचे कळफलक जातात, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र, प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरी यांची जोडणी पुन्हा करावी लागते. २४ जुलै २०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे कर्जमाफीचे अर्ज आपले सरकार सेवा केंद्रांवर ऑनलाइन भरले जाऊ लागले, तेव्हा यवतमाळसारख्या कर्जाने पिचलेल्या कापूसपट्ट्यातील जिल्ह्यात केंद्रावरचा एक संगणक दिवसभर बंद राहणे याचा अर्थ रांगेतल्या शेतकऱ्याची आणखी एक खेप आणि बुडालेली मजुरी असा होता.

या बिघाडाची योग्य चिकित्सा निराळी आहे. संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे केवळ आवश्यक भागांसह, सुरू करावा; पर्यायी मेनू तेथून काढावा, आणि काढण्याची सोय त्या अवस्थेत चालत नसेल तर निदान त्याचे आपोआप सुरू होणे बंद करून नेहमीच्या अवस्थेत तो काढावा; मग सिस्टिम फाइल चेकरने मूळ फायली तपासून घ्याव्यात. सेटिंग्ज तरीही उघडत नसेल तर नवे वापरकर्ता खाते काढून पाहावे, कारण पुष्कळदा दोष जुन्या खात्यापुरता असतो. सिस्टिम रिस्टोअर त्यानंतर आणि फॉरमॅट सर्वांत शेवटी.

ऑगस्ट २०१६ मध्ये क्लासिक शेलच्या एका डाउनलोड ठिकाणी घुसखोरी होऊन त्याच्या जागी घातक फाइल ठेवली गेली. ती चालवणाऱ्यांच्या डिस्कवरची, संगणक सुरू होण्यासाठी लागणारी पहिली नोंदच खराब झाली. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये बेल्चेव यांनी काम थांबवून मूळ कोड खुला केला आणि इतरांनी तो ओपन-शेल या नावाने चालू ठेवला. विंडोज ११ ने २०२१ साली स्टार्ट बटण मध्यभागी नेले, तेव्हा स्टार्टऑलबॅकसारखी सॉफ्टवेअरे पुन्हा मागणीत आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्याने अनेक जुने संगणक आता नव्या आवृत्तीकडे वळत आहेत. ते काम हाती घेण्यापूर्वी केंद्रचालकांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी पर्यायी मेनू आधी काढून टाकावा आणि अर्जांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवावी.