हार्वे पेनिक यांची लाल वही

गोल्फ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना हिरवळ, पांढरी टोपी आणि 'साहेब लोक' एवढंच आठवतं. टीव्हीवर लागलं तर आपण सरळ चॅनल बदलतो. पण या खेळातल्या एका मास्तरांची गोष्ट गोल्फ न आवडणाऱ्यांनीही वाचावी अशी आहे.

हार्वे पेनिक. जन्म १९०४, गाव टेक्सासमधलं ऑस्टिन. आठव्या वर्षी तिथल्या कंट्री क्लबमध्ये कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलणारं पोरगं. १९२३ मध्ये, विशीसुद्धा ओलांडलेली नसताना, त्याच क्लबचे मुख्य गोल्फ शिक्षक. शिवाय १९३१ ते १९६३ टेक्सास विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक. खरं तर त्यांना मोठा खेळाडू व्हायचं होतं. पण एका स्पर्धेत सॅम स्नीडचा फटका पाहिला आणि गडी समजून चुकला, की आपली जागा शिकवण्यातच!

आता गोल्फ शिकवण्यातली गोची बघा. या खेळात हँडिकॅप नावाची सोय आहे. कच्च्या खेळाडूला काही फटक्यांची सूट मिळते, त्यामुळे कच्चा आणि पक्का एकत्र खेळू शकतात. पण एकत्र शिकू शकतात का? पेनिक यांचं उत्तर होतं, नाही.

नवख्याला ते थिअरी सांगत नसत. चेंडू बाजूला ठेवायचा आणि जमिनीत खोचलेली टी, म्हणजे ती छोटी खुंटी, फक्त उडवायची. नाहीतर गवत कापायचं लांब दांड्याचं हत्यार हातात द्यायचं, ते फिरवता फिरवता स्विंग आपोआप बसतो. शिकवणीची सुरुवातही उलटी. आधी भोकाजवळचे छोटे फटके, मग हळूहळू मागे सरकत लांबचे.

पट्टीच्या खेळाडूंशी वागणं आणखी सावध. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघं पोरवयापासून त्यांच्याकडे. काइट तासन् तास घाम गाळणारा, क्रेनशॉचा स्विंग उपजतच सुंदर. एकाला शिकवताना पेनिक दुसऱ्याला बघूही देत नसत! एकाचं औषध दुसऱ्याला बाधायचं, ही भीती. कॅथी व्हिटवर्थसुद्धा त्यांचीच शिष्या. पुढे तिने अमेरिकेच्या महिला व्यावसायिक दौऱ्यावर ८८ स्पर्धा जिंकल्या.

ही सगळी निरीक्षणं ते एका लाल वहीत लिहीत. वही कुलूपबंद, मुलासाठी राखलेली. शेवटी म्हातारपणी लेखक बड श्रेक यांच्या मदतीने १९९२ मध्ये तिचं पुस्तक झालं आणि ते तुफान खपलं.

इथे मला प्रश्न पडला. जो माणूस एकाचा धडा दुसऱ्याला ऐकू देत नव्हता, त्याने सगळे धडे सगळ्यांना कसे वाटले? पण पुस्तकात 'दहा दिवसांत गोल्फ' छाप एकच पद्धत नाहीच. आहेत त्या छोट्या छोट्या गोष्टी: अमुक माणूस आला, त्याची अडचण ही होती, त्याला मी हे सांगितलं. म्हणजे औषधासोबत पेशंटची माहितीही आहे. आपल्याला कुठलं लागू पडतं ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

१९९५ मध्ये पेनिक अंथरुणाला खिळले होते. तरी त्यांनी क्रेनशॉला पटिंगचा एक शेवटचा धडा दिला. २ एप्रिलला ते गेले. काइट आणि क्रेनशॉ दोघांनी त्यांना खांदा दिला आणि ते ऑगस्टाला स्पर्धेसाठी परतले. ९ एप्रिलला क्रेनशॉने एका फटक्याच्या फरकाने मास्टर्स जिंकली. शेवटच्या भोकापाशी तो वाकून, तोंड झाकून रडला.

आपल्याकडे कालच आलेला फ्रेशर आणि दहा वर्षं कोड लिहिणारा एकाच ट्रेनिंग रूममध्ये एकच पीपीटी बघत बसतात. एक बावरतो, दुसरा पेंगतो. मग फीडबॅक फॉर्मवर दोघंही 'गुड'वर टिक करून बाहेर पडतात. मास्तर असते तर बहुधा एकाला खोलीबाहेर थांबवलं असतं.