मूर्तिजापूरचें एंजिन आणि कार्नोचा हिशोब

अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापुराहून एका अंगास अमरावती जिल्ह्यांतील अचलपूर व दुसऱ्या अंगास यवतमाळ येथवर पूर्वीं धांवत असलेली अरुंद रुळांची 'शकुंतला' कोणा वऱ्हाडकरास ठाऊक नाहीं? कापसाकरितां घातलेल्या या मार्गावर मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें एंजिन सुमारें सत्तर वर्षें राबलें. १९९४ सालीं त्याची जागा डिझेलनें घेतली. कोळशाची किती उष्णता गाडी ओढण्याच्या कामीं येऊं शकेल व किती शिवारावर उडून जाणारच, या हिशोबाचा पाया सादी कार्नो या तरुण फ्रेंच एंजिनिअरानें १८२४ सालींच घातला होता. उष्णता तप्त स्थानाकडून शीत स्थानाकडे वाहील तेव्हांच काम घडतें, आणि त्या कामाची कमाल मर्यादा त्या दोन स्थानांच्या उष्णतामानांवरूनच ठरते. बॉयलरांतील वाफ १८० अंश व सुटणारी वाफ १०० अंश धरिली, तर केल्विनच्या मापानें निर्दोष एंजिनाचाही लाभ शेंकडा १८ च्या आंतच राहातो. तप्त व शीत हा भेदच नसेल, तर लाभ शून्य.

हा निर्बंध अणूंच्या राज्यांत तरी सुटेल काय? २००३ सालीं मार्लन स्कली, सुहैल झुबेरी, गिरीश अगरवाल व हर्बर्ट वाल्थर यांनीं कागदावर एक एंजिन रचिलें: वाफेच्या जागीं प्रकाश, कोळशाच्या जागीं तप्त अणु. अणु एकाच वेळीं दोन ऊर्जास्थितींत असूं शकतो. त्या स्थितींच्या लहरींचा परस्परांशीं मेळ टिकून राहिला म्हणजे त्यास सुसंगति म्हणतात. हा मेळ योग्य रीतीनें साधला असतां अणूंचें प्रकाश शोषणें कमी होतें, टाकणें मात्र तसेंच राहातें. मग कोंडलेला प्रकाश त्या अणूंहूनही अधिक तापतो, आणि एकाच उष्णतास्थानापासून काम निघूं शकतें.

तर मग कार्नो हरला काय? अशा वार्तांनीं हुरळून जाणाऱ्यांस आम्हांस नाहीं असेंच सांगावें लागतें. हा मेळ आयता मिळत नाहीं. तो साधण्यास बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते, आणि ती खर्चीं मांडली कीं नियम अबाधित राहातो. त्या लेखकांचेंही म्हणणें हेंच आहे.

२०१५ सालीं लोस्तालिओ, जेनिंग्स व रुडॉल्फ यांनीं जें दाखविलें तें आम्हांस याहून मोलाचें वाटतें. मुक्त ऊर्जेची जुनी खतावणी एकटी सुसंगतीचा जमाखर्च सांगण्यास पुरत नाहीं. तिचें खातें निराळेंच उघडावें लागतें. शिवाय एकट्या पडलेल्या अणूंतील ही पुंजी नुसत्या उष्णतेच्या संगतीनें कामांत उतरत नाहीं. ती वटविण्यास दुसरी सुसंगत वस्तु जवळ लागते. सावकारी जाणणाऱ्या आमच्या वऱ्हाडांत हें समजण्यास अडचण पडूं नये!

२०१९ सालीं हिऱ्यांतील नायट्रोजनच्या दोषस्थानांवर अशीं सूक्ष्म एंजिनें प्रयोगशाळेंत चालविण्यांत आलीं. सुसंगतीच्या बळावर त्यांनीं तितक्याच वेळांत, तिच्यावांचून जमलें नसतें इतकें अधिक काम दिलें; कार्नोची मर्यादा मात्र त्यांनींही ओलांडली नाहीं.